जागा आहे, तरी फाइल मावत नाही: पेनड्राइव्हमधलं एक्सफॅट म्हणजे काय?

पेनड्राइव्ह ६४ जीबीचा. त्यात ५० जीबी मोकळे. लग्नाच्या व्हिडिओची फाइल जेमतेम ६ जीबीची. तरी कॉपी करायला गेलं की विंडोज सांगतं, ही फाइल इथल्या फाइल सिस्टीमसाठी फार मोठी आहे. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारा आणि एक्सफॅट करा." तसं केल्यावर फाइल बसते, पण तोच पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की टीव्ही म्हणतो, यात काहीच नाही.

दोन्ही वेळा पेनड्राइव्ह ठणठणीत असतो. भांडण असतं ते हिशेब लिहिण्याच्या पद्धतीचं.

फाइल सिस्टीम म्हणजे आतली वही

पेनड्राइव्हच्या चिपला फाइल, फोल्डर, फोटो यातलं काहीही कळत नाही. तिच्या लेखी फक्त ओळीने मांडलेले, नंबर टाकलेले कप्पे असतात. कुठल्या कप्प्यापासून कुठल्या कप्प्यापर्यंत कोणती फाइल आहे, तिचं नाव काय, आकार किती आणि मोकळे कप्पे कोणते, हे लिहून ठेवण्याची ठरलेली पद्धत म्हणजे फाइल सिस्टीम. एक्सफॅट ही अशीच एक पद्धत. ही वहीसुद्धा त्याच पेनड्राइव्हवर, सुरुवातीच्या भागात असते. पेनड्राइव्ह लावल्यावर संगणक, टीव्ही किंवा कॅमेरा आधी ती वही वाचतो. वहीची लिपी येत नसेल, तर आतला माल धड असूनही तो त्याच्यासाठी नसल्यात जमा.

आणखी एक शब्द लागेल: क्लस्टर. एका फाइलला एका वेळी मिळणारा जागेचा सगळ्यात लहान तुकडा म्हणजे क्लस्टर. तो दोन फाइलींत वाटून घेता येत नाही.

४ जीबीची भिंत आली कुठून?

एक्सफॅटच्या आधी पेनड्राइव्हवर राज्य होतं फॅट३२ चं. (यातल्या फॅटचा चरबीशी संबंध नाही. 'फाइल अ‍ॅलोकेशन टेबल' याची ती आद्याक्षरं.) मूळ फॅट १९७७ चं, फ्लॉपीच्या जमान्यातलं. फॅट३२ ही त्याची १९९६ मधली, विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलेली पिढी.

फॅट३२ च्या वहीत प्रत्येक फाइलच्या आकारासाठी ३२ बिटांचा एक रकाना आहे. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. जुन्या स्कूटरच्या मीटरमध्ये पाचच आकडी खिडक्या असल्या की ९९,९९९ च्या पुढे लिहायची सोय नसते, तसाच हा प्रकार. ४ जीबीला एक बाइट कमी, इथे फॅट३२ थांबतं. पेनड्राइव्ह कितीही मोठा आणला तरी फाइलचा रकाना तेवढाच राहतो.

१९९६ साली हा आकडा कुणाला टोचण्याचं कारण नव्हतं. आज ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या दराने शूट केला, तर ४ जीबी पावणेसहा मिनिटांत भरतात. म्हणून कार्ड फॅट३२ मध्ये असलं की कॅमेरा सलग शूटिंगचे तुकडे पाडतो. सप्तपदीच्या तिसऱ्या पावलावर एक फाइल संपते आणि चौथ्यावर दुसरी सुरू होते, ती याच हिशेबाने.

दुसरी अडचण विंडोजने स्वतःच घालून ठेवली होती. फॅट३२ ची पद्धत २ टीबीपर्यंत चालते, पण विंडोजची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हसाठी फॅट३२ हा पर्यायच दाखवत नसे. कमांड लाइनवरची ही मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवत असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केलं. फाइलची ४ जीबीची मर्यादा त्यानेही हललेली नाही.

एक्सफॅटने नेमकं काय बदललं?

मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सफॅट आणलं ते आधी छोट्या उपकरणांच्या विंडोज सीई ६.० मध्ये. २००८ मध्ये ते व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकमधून घरच्या संगणकात आलं. आकाराचा रकाना ३२ वरून ६४ बिटांचा झाला. कागदावरची मर्यादा १६ एक्साबाइट, म्हणजे १,६०० कोटी जीबीहून जास्त. हा प्रश्न मिटला. पण खरी हुशारी पुढे आहे.

वर्तमानपत्रात पहिल्या पानावरची बातमी अर्धी छापून खाली लिहितात, 'उर्वरित पान ७ वर'. सातव्यावर जावं तर तिथून आणखी कुठेतरी. फॅट३२ प्रत्येक फाइल अशीच वाचतं. पुढचा क्लस्टर कोणता, याची साखळी त्याला एका तक्त्यात कडी कडी जोडून लिहावी लागते. ३२ केबीचे क्लस्टर असतील तर ३ जीबीच्या फाइलला अशा ९८,३०४ कड्या होतात, फाइल अगदी सलग पडली असली तरी. शिवाय या तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात आणि दोन्हींत लिहावं लागतं.

एक्सफॅट म्हणतं, फाइल सलग असेल तर साखळी कशाला? 'अमुक क्लस्टरपासून सुरू, एवढी लांब' असं दोन आकड्यांत लिहिलं की झालं. त्यासाठी वहीत एक खूण आहे. ती असली की साखळीचा तक्ता बघायचाच नाही. फाइल तुकड्यांत विखुरली तरच साखळी. ताज्या फॉरमॅट केलेल्या कार्डावर व्हिडिओ शूट करताना जवळजवळ सगळ्या फाइली सलगच पडतात, त्यामुळे कॅमेऱ्याचं काम हलकं होतं.

मोकळी जागा शोधायची युक्तीही वेगळी आहे. नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर खुर्च्यांचा प्लॅन असतो. विकलेल्या खुर्चीवर फुली आणि बाकीच्या रिकाम्या. एक्सफॅट प्रत्येक क्लस्टरसाठी एक बिट ठेवून असाच प्लॅन बनवतं. ६४ जीबीच्या ड्राइव्हवर १२८ केबीचे क्लस्टर धरले तर हा प्लॅन साधारण ६० केबीत मावतो. तेवढ्याच ड्राइव्हवर फॅट३२ चा तक्ता, ३२ केबीच्या क्लस्टरने, पावणेआठ एमबीच्या आसपास जातो आणि मोकळी जागा त्यातूनच हुडकावी लागते.

आता एक नोंद जवळून पाहू. 'साखरपुडा' नावाची व्हिडिओ फाइल घ्या. एक्सफॅटच्या वहीतली प्रत्येक ओळ ३२ बाइटांची असते आणि एका फाइलला किमान तीन ओळी लागतात. पहिलीत तारीख-वेळ, फाइलचा प्रकार आणि या सगळ्या ओळींची मिळून एक पडताळणी बेरीज. दुसरीत आकार आणि सुरुवातीचा क्लस्टर. तिसरीपासून नाव, एका ओळीत १५ अक्षरं. ही अक्षरं संगणकाच्या हिशेबाची: आपल्याला 'साखरपुडा'त पाच अक्षरं दिसतात, संगणक स, काना, ख, र, प, उकार, ड, काना अशी आठ मोजतो. टिंब आणि तीन अक्षरी शेपूट धरून बारा. एका ओळीत बसलं. 'हळदीचा कार्यक्रम' मात्र वीसवर जातं, कारण मोकळी जागा आणि पाय मोडायची खूणसुद्धा मोजली जाते. म्हणजे नावाला दोन ओळी. एकूण मर्यादा २५५ ची आहे, त्यामुळे मराठी नावं बिनधास्त द्या.

फ्लॅशचा स्वभाव पाटीसारखा

फ्लॅश चिपवर लिहिलेल्या जागी थेट दुसरं लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं. आणि लिहायचं पान ४ ते १६ केबीचं असलं, तरी पुसायचा ब्लॉक काही एमबींचा असू शकतो. पाटीवरचं एक अक्षर बदलायचं, तर बाकीचा मजकूर दुसऱ्या पाटीवर उतरवून अख्खी पाटी पुसायची, असा हा व्यवहार. प्रत्येक पुसण्याने चिप थोडी झिजते. हा खटाटोप ड्राइव्हमधला कंट्रोलर परस्पर करतो, फाइल सिस्टीमच्या हातात नसतो. तिच्या हातात दोन गोष्टी: वहीत वारंवार खाडाखोड न करणं, आणि फाइलींचा भाग ब्लॉकच्या सीमेवरच सुरू करणं. एक्सफॅट दोन्हींना सोय ठेवतं. त्याच्या आराखड्यात चिपच्या पानाचा आणि ब्लॉकचा आकार नोंदवायलाही जागा आहे.

म्हणून एसडी कार्ड शक्यतो कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं. कॅमेरा किंवा एसडी असोसिएशनचं (एसडी कार्डांचे नियम ठरवणारी संघटना) मोफत फॉरमॅटर या सीमा पाळून मांडणी करतात. संगणकाचं साधं फॉरमॅट त्या पाळेलच असं नाही. न पाळल्या तर कार्ड चालतं, पण एका लिखाणात दोन पाट्या पुसल्या जातात आणि वेग पडतो.

इतकं चांगलं आहे, तर टीव्हीला का वाचता येत नाही?

कारण पैसे आणि पेटंट. एसडी असोसिएशनने २००९ मध्ये एसडीएक्ससी कार्डांसाठी, म्हणजे ३२ जीबीच्या वर २ टीबीपर्यंत, एक्सफॅट ठरवून टाकलं. मॅकमध्ये ते २०१० च्या शेवटी आलं. पण एक्सफॅटवर मायक्रोसॉफ्टचे हक्क होते आणि उपकरण बनवणाऱ्याला परवाना घ्यावा लागे. स्वस्तातला टीव्ही, गाडीतला स्टिरिओ, भजनी मंडळाचा यूएसबीवाला स्पीकर बनवणाऱ्याने फॅट३२ वरच भागवलं, यात नवल नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचा आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ते घ्यायला पाठिंबा दिला. त्याच वर्षी लिनक्स ५.४ मध्ये ते कच्च्या स्वरूपात आलं आणि २०२० च्या ५.७ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी लिहिलेला पक्का ड्रायव्हर आला. त्या आधीची उपकरणं मात्र घराघरांत अजून चालू आहेत आणि त्यांना कुणी नवी लिपी शिकवणार नाही.

तेव्हा पेनड्राइव्ह कुठे जाणार, ते आधी पाहा. गाणी आणि आरत्या स्पीकरला किंवा गाडीत लावायच्या असतील तर १६ किंवा ३२ जीबीचा ड्राइव्ह घ्या आणि फॅट३२ ठेवा. गाण्याची फाइल ४ जीबीच्या जवळपासही जात नाही, मग एक्सफॅटचा हट्ट कशाला? टीव्हीवर मोठा व्हिडिओ बघायचा असेल तर टीव्हीच्या पुस्तिकेत यूएसबीच्या पानावर चालणाऱ्या फाइल सिस्टीमची यादी असते. काही टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत पण एनटीएफएस, म्हणजे विंडोजची आणखी एक फाइल सिस्टीम, वाचतात. फक्त फॅट३२ लिहिलं असेल तर व्हिडिओ लहान करून घेणं किंवा त्याचे भाग पाडणं एवढेच मार्ग उरतात.

फोन किंवा जुना कार्ड रीडर "कार्ड खराब आहे, फॉरमॅट करा" म्हणतो, तेव्हा थांबा. बहुतेकदा त्याला लिपी येत नसते किंवा रीडर ३२ जीबीपर्यंतचाच असतो. कार्ड आधी दुसऱ्या, नव्या संगणकात लावून बघा. 'होय'वर बोट पडलं की चांगल्या कार्डाची वही कोरी झालीच.

मग एनटीएफएसच का वापरू नये?

विंडोजच्या आतल्या डिस्कवर एनटीएफएस असतं आणि तिथे ते उत्तमच आहे. पेनड्राइव्हवर त्याच्या तीन अडचणी. मॅक ते वाचतो, पण वेगळं सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय त्यावर लिहीत नाही. कॅमेरे त्याला ओळखत नाहीत. आणि कोणत्या वापरकर्त्याला कोणती फाइल उघडता येईल याच्या परवानग्या त्यात असतात, त्या दुसऱ्या संगणकावर कधीकधी आडव्या येतात: ड्राइव्ह तुमचा, आणि फाइल म्हणते परवानगी नाही.

एक्सफॅटमध्ये परवानग्याच नाहीत. याचा अर्थ ड्राइव्ह ज्याच्या हातात, त्याला सगळं खुलं. आधार, पॅन, बँकेचे कागद त्यात उघडे ठेवू नका. विंडोजच्या प्रो आवृत्तीतलं बिटलॉकर एक्सफॅटवर कुलूप घालू शकतं, पण कुलूप घातलेला ड्राइव्ह टीव्ही किंवा कॅमेरा उघडू शकत नाही.

'सेफली रिमूव्ह' खरंच लागतं का?

एक्सफॅटमध्ये लागतं, आणि इथेच त्याची खरी उणीव आहे.

एनटीएफएस बदल करण्याआधी 'आता हे करणार आहे' अशी नोंद वेगळ्या रोजनाम्यात करतं. मध्येच वीज गेली तर रोजनामा वाचून वही सावरता येते. एक्सफॅट असा रोजनामा ठेवत नाही. साधेपणासाठी आणि कमी खाडाखोडीसाठी तो मुद्दाम वगळला आहे. एकच तक्ता ठेवल्यामुळे फॅट३२ कडे होती ती दुसरी प्रतही गेली.

फाइल कॉपी होताना तीन ठिकाणी लिहिलं जातं: प्लॅनवर फुल्या पडतात, माल क्लस्टरमध्ये जातो, आणि वहीत नाव-आकाराच्या ओळी भरल्या जातात. फुल्या पडल्या आणि ओळी भरायच्या आत ड्राइव्ह उपटला, तर जागा अडकते पण फाइल दिसत नाही. ओळी अर्ध्याच लिहिल्या गेल्या तर पडताळणीची बेरीज जुळत नाही आणि फाइल यादीतून गायब होते. प्लॅन लिहिला जात असतानाच उपटला, तर वापरात असलेली जागा मोकळी दिसू शकते आणि पुढची फाइल आधीच्या फाइलवर लिहिली जाते. हा तिसरा प्रकार सगळ्यांत घातक, कारण त्या दिवशी काहीच बिघडलेलं दिसत नाही.

"पण विंडोज १० पासून तसंच काढलं तरी चालतं ना?" अर्धं खरं. २०१८ च्या शेवटच्या अपडेटपासून विंडोज बाहेरच्या ड्राइव्हसाठी लिखाण साचवून ठेवत नाही. तरी चालू असलेली कॉपी, दुसऱ्या खिडकीत उघडी राहिलेली फाइल किंवा मागे चाललेलं अँटीव्हायरसचं काम याला ते वाचवत नाही. मॅक आणि लिनक्स तर साचवतातच. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात कॉपीची पट्टी पूर्ण भरलेली दिसते, तेव्हा शेवटचा काही माल अजून रॅममध्ये असू शकतो. 'इजेक्ट' दाबल्यावर तो काही वेळ घेतो, ते उगाच नाही.

कॅमेऱ्यात शूटिंग चालू असताना बॅटरी संपली तर दुहेरी मार बसतो. वहीत फाइलचा आकार शेवटी पक्का होतो, म्हणून फाइल शून्य बाइटांची दिसते. त्यात एमपीफोर प्रकारात व्हिडिओची अनुक्रमणिकाही सहसा शेवटी लिहिली जाते, म्हणून माल परत मिळवला तरी तो लागत नाही. अशा वेळी त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगमध्ये शूट केलेली एक धड फाइल नमुना म्हणून देऊन अनुक्रमणिका पुन्हा बांधणारी सॉफ्टवेअर्स आहेत. त्यांचा उपयोग होतो, मात्र त्या कार्डावर नंतर काहीही शूट केलेलं नसेल तरच.

यावरून माझं सरळ मत: एक्सफॅटचा ड्राइव्ह हा डबा आहे, कोठार नाही. इकडून तिकडे न्यायला झकास. एकुलती एक प्रत तिथे ठेवू नये.

जागा जाते कुठे?

६४ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ५९.६ च्या आसपास दिसतो, यात एक्सफॅटचा दोष नाही. कंपनी जीबी १०० कोटी बाइटांचा धरते, विंडोज १०७ कोटींच्या वरचा.

क्लस्टरमुळे जागा खरोखर वाया जाते ती बारीक फाइलींत. ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला विंडोज आपणहून १२८ केबीचा क्लस्टर देतं. २ केबीच्या दहा हजार फाइली, म्हणजे एकूण २० एमबीचा माल, ठेवल्या तर प्रत्येकीला एक अख्खा क्लस्टर जातो आणि सव्वा जीबी भरतो. कार्यालयातल्या छोट्या फाइलींचा साठा न्यायचा असेल तर त्याची एक झिप करून टाका. कॉपीही झटपट होते.

फॉरमॅट करायचं ते असं

फॅट३२ चं एक्सफॅट आतला माल तसाच ठेवून करता येत नाही. आधी सगळं दुसरीकडे उतरवा. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टीममध्ये एक्सफॅट, क्लस्टरचा आकार डिफॉल्ट आणि 'क्विक फॉरमॅट'ची खूण तशीच. पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितं, त्यामुळे वेळ जातो आणि चिप झिजते. कार्डाबद्दल शंका असेल किंवा ते विकायचं असेल तेव्हाच करावं.

मॅकवर डिस्क युटिलिटीत आधी 'व्ह्यू'मधून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा, नाहीतर मूळ ड्राइव्ह दिसतच नाही. त्यावर जाऊन 'इरेज', फॉरमॅट एक्सफॅट, आणि स्कीम 'मास्टर बूट रेकॉर्ड'. स्कीम दुसरी राहिली तर बरेच टीव्ही आणि कॅमेरे ड्राइव्हला हात लावत नाहीत. मॅक अशा ड्राइव्हवर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइलीही सोडतो. गाडीच्या स्टिरिओत प्रत्येक गाणं दोनदा दिसतं आणि त्यातलं एक वाजत नाही, ते यामुळे.

चुकून उडालं, तर?

फाइल डिलीट केल्यावर माल लगेच पुसला जात नाही. वहीतल्या तीन ओळींच्या सुरुवातीच्या खुणा बदलतात: पहिल्या ओळीवरच्या ८५ चा ०५ होतो आणि बाकीच्यांचंही तसंच. अर्थ, 'ही ओळ आता वापरात नाही'. प्लॅनवरच्या फुल्याही पुसल्या जातात. पण सुरुवातीचा क्लस्टर आणि लांबी हे आकडे ओळीत तसेच असतात. फाइल सलग असेल तर परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरला तेवढं पुरतं. म्हणून कार्ड ताबडतोब काढून ठेवायचं. एसडी कार्ड असेल तर बाजूचं छोटं लॉक खाली ओढायचं. परत मिळवलेल्या फाइली त्याच कार्डावर कधीही उतरवायच्या नाहीत.

ड्राइव्ह 'रॉ' (म्हणजे फाइल सिस्टीम ओळखता न येणारा) दिसायला लागला तर बऱ्याचदा सुरुवातीच्याच भागाला इजा झालेली असते. एक्सफॅट पहिल्या १२ सेक्टरांची (सेक्टर म्हणजे सुरुवातीला सांगितलेला नंबर टाकलेला कप्पा) प्रत पुढच्या १२ सेक्टरांत ठेवतं आणि टेस्टडिस्कसारखं मोफत साधन ती वापरून सुरुवात दुरुस्त करू शकतं. विंडोजची 'स्कॅन अँड फिक्स'ची सूचना आली आणि आतला माल मोलाचा असेल, तर आधी अख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत काढा आणि मगच दुरुस्ती चालवा. ते साधन वही जुळवून घेण्यासाठी बनलेलं आहे. जुळत नसलेल्या फाइली ते कापून टाकतं किंवा नाव-गाव नसलेले तुकडे करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि त्यानंतर मूळ खुणा शोधायला जागाच उरत नाही.